कादोवाकींची पहिली निवृत्ती

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी, सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी, मी कादोवाकी योशित्सुगु यांना निवृत्त करून टाकलं. त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

झालं असं की, कुरोसे फुटबॉल क्लबच्या जाहीर सूचना लिहिणं हे माझं काम. तसं सामन्याच्या दिवशी तिकिटं फाडणं आणि आमच्या शुभंकर खेकड्याचा पोशाख धुऊन वाळत घालणं हेही माझंच काम, पण ओळख करून देताना मी सूचनांचंच सांगतो. मोसम संपत आला की पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येक खेळाडूच्या नावाने मी तीन मसुदे करून ठेवतो. पहिला, करार वाढवल्याचा. दुसरा, करार संपल्याचा. तिसरा, निवृत्तीचा. दुसऱ्यात क्लब खेळाडूला सांगतो, तुम्ही निघा. खेळाडू मोकळा होतो, डिसेंबरात बिनसंघाच्या खेळाडूंची चाचणी असते तिथे जातो, आणि नशिबात असेल तर कुणीतरी त्याला उचलतं. तिसऱ्यात खेळाडू स्वतःच सांगतो, मी निघालो. त्याला मग कुणी उचलत नाही. त्याला वाकून नमस्कार करतात आणि फुलं देतात.

मला त्या दिवशी टाकायची होती खेकडा-महोत्सवामुळे सराव बंद असल्याची सूचना. टाकली कादोवाकींची तिसरी. आणि टाकून खाली यंत्रातली कॉफी घ्यायला गेलो. यंत्राने पैसे गिळले, म्हणून मी त्याच्याशी भांडत बसलो. वर येईपर्यंत सगळं गाव हळहळून मोकळं झालं होतं.

त्यात माझी आणखी एक हुशारी होती. सूचनेखाली खेळाडूचं मनोगत असतं. कादोवाकींना कधी मागितलं की ते म्हणायचे, "तूच लिही रे, तुला शब्द येतात." म्हणून मी लिहून ठेवलं होतं. चांगलं उतरलं होतं. लिहिताना मलाच भरून आलं होतं.

दहा वाजून सत्तावीस मिनिटांनी ते दारात उभे. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला पांढरी टोपी. तिसऱ्या श्रेणीच्या क्लबात पगारावर घर चालत नाही. आमचे निम्मे खेळाडू सकाळी आमच्या पुरस्कर्त्यांच्या कारखान्यात माशाच्या वड्या बांधतात. तिथल्याच एका बाईने फोन पुढे करून त्यांना त्यांची निवृत्ती दाखवली होती.

"नोसाका," ते म्हणाले, "मी निवृत्त झालो म्हणे?"

मी घाईघाईने संगणकाचा पडदा बंद केला.

"आणि हे काय लिहिलंयस? 'सतरा वर्षं माझ्या पाठीशी उभ्या राहिलेल्या सर्वांना…' गाढवा, गोलकीपरच्या पाठीशी जाळी असते! तिथे कुणी उभं असेल तर तो कॅमेरावाला."

मी उठून टेबलाला कपाळ लागेपर्यंत वाकलो. वर बघतो तर ते खोलीत फेऱ्या मारायला लागलेले. बुटांतून पाणी निथळतंय. या माणसाच्या पायाला भिंगरी. मी क्लबात लागल्याला तीन वर्षं झाली, खुर्चीत पाठ टेकून बसलेले कादोवाकी मी पाहिले नव्हते. राखीव बाकावरसुद्धा ते टेकत नसत. गोलच्या मागे उड्या, नाहीतर हाताला चेंडू नाहीतर तोंडाला बडबड.

"फुकुमासान आहेत का वर?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जिना चढले. मी मागोमाग.

आमचे अध्यक्ष फुकुमा म्हणजे दोन दात सोन्याचे आणि मन रबराचं. त्यांच्या टेबलावरचा फोन एकसारखा वाजत होता. "शेवटच्या सामन्याची तिकिटं मागताहेत!" ते हातातला फोन झाकून म्हणाले. "या क्लबात तिकिटासाठी फोन वाजलेला मी आज पहिल्यांदा ऐकतोय. कादोवाकी, बसा ना."

कादोवाकी बसले नाहीत. "मसुदे तीन होते म्हणे. खरा कुठला होता?"

अध्यक्षांनी छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जणू छत मीच बांधलं होतं.

"दुसरा," ते म्हणाले. "या आठवड्यात सांगणारच होतो. तरुण पोरगा घेतोय. पण आता जे झालं ते बघा, सुंठीवाचून खोकला गेला! मानाने जाल. फलक लावू. तुमचा चेहरा छापलेले हातपंखे वाटू."

"दुसरा टाका."

"अहो, पण लोक रडताहेत…"

"रडू द्या. काढायचंच असेल तर काढा, फुकुमासान, पण जिवंत काढा. मला अजून एक वर्ष खेळायचंय. कुठेही."

तेवढंच त्यांना हवं होतं. एक वर्ष. वय अडतीस, डाव्या हाताची दोन बोटं वाकडी, उजवा गुडघा हवामानखात्यापेक्षा आधी पाऊस सांगणारा, आणि हवं काय, तर एक वर्ष.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, माफीसकट. पण कुरोसेत निरोपाची भेट त्याच दिवशी संध्याकाळच्या आत पोचवतात. उशीर झाला तर माणूस नकोसा होता असा अर्थ होतो. त्यामुळे सोमवारी दिवेलागणीला कादोवाकींच्या घराचं दार बाहेरून उघडेना. तांदळाचं पोतं, साकेच्या बाटल्या, टॉवेल, कुंडीतलं बुटकं झाड, आणि शाळेतल्या मुलांनी कधी दुमडले देवजाणे असे कागदाचे हजार बगळे.

"सगळं परत द्यायचं," कादोवाकी मंगळवारी म्हणाले. "ठेवून घेतलं म्हणजे निवृत्ती मान्य केली. या पोत्यातला एक घास जरी खाल्ला तरी मी संपलो. आणि गाडी तू चालवायचीस."

म्हणजे क्लबची माल वाहायची छोटी गाडी, जिचं मागचं दार दोरीने बांधावं लागतं. शिक्षा मला मान्य होती.

सामान चढवताना त्यांची बायको नात्सुएसान दारात उभी होती. वृद्धाश्रमात काम करते, हसली तरी डोळे हसत नाहीत आणि ओरडली तरी आवाज चढत नाही.

"नोसाकाकुन," ती म्हणाली, "काल एक तास मी फार सुखात होते हो. आश्रमातल्या आज्यांनी मला भात-लाडू भरवले. सतरा वर्षांत मला रविवार म्हणून मिळाला नव्हता. मी रविवारी काय करायचं तेही ठरवलं होतं."

"काय ठरवलं होतंत?" मी विचारू नये ते विचारलं.

"काहीच नाही. तेच तर ठरवलं होतं."

कादोवाकी बगळ्यांच्या माळा गळ्यात घालून तिच्यासमोर घुटमळले. एक पाय, दुसरा पाय. "एक वर्ष, नात्सुए."

"कुणी घेतलं तर," ती म्हणाली आणि तांदळाच्या पोत्यावर बसली. "हे मात्र इथेच राहील. जड आहे. याचा निकाल लागेपर्यंत मी यावर बसून राहीन, एक दाणा शिजवणार नाही. पुरे?"

आम्ही निघालो.

गाडीत शेजारी कादोवाकी म्हणजे पेटीत मांजर. काच खाली, काच वर. नसलेले ब्रेक दाबणं. वळणावर पुढच्या फळीवरून काही घरंगळलं की पडायच्या आत त्यांच्या हातात. आणि मध्येमध्ये फोन. ओळखीच्या प्रत्येक क्लबच्या गोलकीपर-प्रशिक्षकाला त्यांनी त्या दोन दिवसांत फोन लावला. सगळीकडे आधी आनंद, मग अभिनंदन, मग खुलासा, मग "अरेरे", आणि शेवटी तेच: "आमच्याकडे शिकवायला या ना."

"सगळ्यांना मी हवाय," ते फोन मांडीवर आपटून म्हणाले. "फक्त गोलात नकोय."

याला कारण त्यांचं सबंध आयुष्य. डोंगरातल्या एका गावात त्यांच्या बापाचं सार्वजनिक स्नानगृह होतं. पोरगा पायऱ्या, कठडे, छप्पर, गिऱ्हाइकांच्या पाठी, सगळ्यांवर चढायचा. तिसरीतल्या मास्तरांनी वैतागून त्याला गोलात उभं केलं. म्हणाले, निदान एका जागी राहील. मास्तरांना फुटबॉल कळत नव्हता. गोलात एका जागी राहतो तो गोलकीपर नव्हे, खांब.

पुढे शाळेच्या संघात दुसरा गोलकीपर. मग एका कंपनीच्या संघात दुसरा. मग दुसऱ्या श्रेणीत तिसरा, नंतर बढती होऊन दुसरा. पाच क्लब, सतरा वर्षं. दुसऱ्याचं काम असं, की सामन्याआधी पहिल्याच्या अंगावर दीडशे चेंडू मारायचे, ते अशा बेताने की त्याचे हात तापावेत पण आत्मविश्वास थंड पडू नये. कादोवाकींसारखे चेंडू सगळ्या देशात कुणी मारत नाही, असं त्या धंद्यातले लोक सांगतात. त्यांच्या हातून तापून निघालेले तिघं पहिल्या श्रेणीत गेले. ते स्वतः आपले तापवत राहिले.

टोफूवाल्या सुमिए आजींनी साकेची बाटली दिली होती. आम्ही दुकानाच्या पायरीवर दोघंही वाकलो. आजींनी ढुंकून पाहिलं नाही.

"दिलेलं मी परत घेत नाही."

"आजी, पण मी निवृत्त झालेलोच नाही."

"मग होशील तेव्हा पी. मी नवऱ्यालासुद्धा परत घेतलं नाही, तुझी बाटली घेईन होय? आणि जागेवर उभा राहा रे, टोफू हलतोय माझा."

शाळेत तर फजितीच. बाई म्हणाल्या, "बगळे परत आले म्हणून मुलांना काय सांगू?"

"सांगा, उडून आले," कादोवाकी म्हणाले. बाई हसल्या, पण माळा काही घेतल्या नाहीत.

शेवटी न्हावी यागी. त्याने भेट म्हणून आपल्या हाताने चिठ्ठी लिहून दिली होती: जन्मभर केस फुकट. ती परत घ्यायला त्याने हात पुढे केला, मग थांबला.

"एक विचारू, कादोवाकीसान? एकूण सामने किती झाले हो तुमचे?"

"एकतीस."

"या मोसमात?"

"एकूण."

यागीने कात्री खाली ठेवली. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने वळून बघायला लागलं. "सतरा वर्षांत एकतीस? मग राव, तुम्ही निवृत्त होणार तरी कशातून?"

दुकानात सगळे हसले. कादोवाकी सगळ्यांत मोठ्याने. चिठ्ठी आरशाच्या कडेला खोचून ते बाहेर आले, गाडीत बसले, आणि मी चावी फिरवायच्या आत उतरले. गाडीला एक फेरी घातली. दुसरी घातली. मग माझ्या बाजूच्या काचेशी येऊन उभे राहिले.

"बरोबर बोलला तो," ते म्हणाले. "लोक काल येऊन म्हणत होते, खूप दमलात, आता विश्रांती घ्या. अरे, दमायला खेळावं लागतं! मी दमलेलोच नाही रे, नोसाका. सतरा वर्षं नुसता तयार आहे. जेवायला बसवून पान वाढलंच नाही कुणी, आणि आता म्हणताहेत, झालं ना पोटभर? हात धुवा."

 मी म्हटलं, "बसा, गार वारा आहे." ते बसले, आणि घरापर्यंत त्यांनी काच बारा वेळा खाली-वर केली.

घरी सगळा माल तसाच उतरवला. गावाने एक टॉवेलसुद्धा परत घेतला नव्हता. नात्सुएसान पोत्यावरून उठली, आमच्याकडे बघून परत बसली.

डिसेंबरातल्या चाचणीला मीही गेलो. अध्यक्षांनी रजा दिली. माझं तोंड त्यांना काही दिवस नकोच होतं. तोक्योच्या पलीकडचं मैदान, ढगाळ सकाळ, छातीवर कागदी आकडे लावलेले साठसत्तर पुरुष. त्यांत पोरगेलेही होते आणि टक्कल पडलेलेही. मांडवात वेगवेगळ्या क्लबांची माणसं वह्या घेऊन बसलेली. प्रत्येक गोलकीपरला वीस-वीस मिनिटांच्या दोन खेळ्या. चाळीस मिनिटांत आयुष्य दाखवायचं.

कादोवाकी पिवळ्या अंगरख्यात गोलात उभे राहिले. उभे कसले, नाचले. "केन, डावीकडे! डावीकडे रे बाबा, जेवायचा हात नव्हे, दुसरा! सात नंबर, मागे ये, तुझा माणूस पळाला! शाबास! पुन्हा!" ती पोरं अर्ध्या तासापूर्वी एकमेकांना ओळखतही नव्हती. त्यांनी या म्हाताऱ्याचं ऐकलं, कारण न ऐकावं तर तो थांबेना.

आणि त्यामुळे असं झालं की, दोन्ही खेळ्यांत त्यांच्या गोलवर एकही चेंडू आला नाही.

एकही नाही. दुसऱ्या टोकाच्या गोलकीपरने डोळ्यांचं पारणं फिटावं असे चार चेंडू अडवले, चार सोडले. त्याचं नाव सगळ्यांच्या वहीत गेलं. कादोवाकींच्या नावापुढे लिहिण्याजोगं काही घडलंच नव्हतं. शिटी वाजली. ते हातमोजे काढत मांडवाशी आले. मोजे कोरडे ठणठणीत.

"बघितलंस?" ते म्हणाले.

"बघितलं."

"काय बघितलंस?"

"काही नाही."

"तेच," ते म्हणाले, आणि बस सुटेपर्यंत मैदानाभोवती धावत राहिले.

चार दिवस फोन आला नाही. पाचव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो होतो, दुरुस्तीपत्रावर सही घ्यायचं निमित्त करून. फोन वाजला तेव्हा ते स्वयंपाकघरात दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. त्यांनी बटण दाबून आवाज मोठा केला. कानाला धरून ऐकायचं तर एका जागी उभं राहावं लागतं ना.

"ओइकावा बोलतोय. आकिताहून," पलीकडचा आवाज. उत्तरेकडची जड बोली, तोंडात बटाटा धरल्यासारखी. "आमचा लाकूड-कारखान्याचा संघ. पाचवी श्रेणी. आमच्या गोलकीपरने आरीत बोट घातलं."

"अरेरे. कुठलं बोट?"

"दोन. तुम्ही चाचणीत किती गोल खाल्ले?"

"शून्य."

"गोलवर चेंडू किती आले?"

कादोवाकी थांबले. फोनवर बोलता बोलता थांबलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहत होतो. "शून्य," ते म्हणाले.

पलीकडे कागदावर पेन्सिल खरखरली. मागे कुठेतरी आरी चालली होती.

"म्हणजे शंभर टक्के," ओइकावा म्हणाला. "हे बघा, पैसे फुटबॉलचे मिळणार नाहीत. पगार फळ्या रचायचा. बर्फ एप्रिलपर्यंत. दुसरा गोलकीपर आमच्याकडे नाही, कधी नव्हताच. म्हणजे सगळे सामने तुम्हालाच खेळावे लागतील. चालेल?"

कादोवाकींनी बायकोकडे पाहिलं. नात्सुएसान पोत्यावर बसून वाटाणे सोलत होती. तिने एक शेंग उघडली, दाणे भांड्यात टाकले. मला पळून जावंसं वाटत होतं. कारण खरं सांगायचं तर हा प्रश्न तिच्यापुढे माझ्या एका बोटाने आणून टाकला होता.

"मीही तीन मसुदे करून ठेवले होते, नोसाकाकुन," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "योशी, एक वर्ष. मी इथेच राहणार, माझ्या आज्यांना सोडून येणार नाही. रविवारी मला फोन करायचा नाही. सोमवारी कर. रविवार माझा."

"सगळे सामने!" कादोवाकी म्हणाले. तिचं बोलणं त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. "नात्सुए, सगळे!"

"ऐकलं मी. बहिरी नाही," ती म्हणाली. पोत्यावरून उठली, शिवण उसवली, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा तो तांदूळ शिजला. मलाही वाढला. कादोवाकींनी तीन वाट्या उभ्यानेच खाल्ल्या.

जानेवारीत ते निघाले. स्टेशनवर गाव आलं होतं, पण हात हलवत. "आमचं देऊन झालंय," सुमिए आजी सर्वांच्या वतीने म्हणाल्या. यागीने तिथेच फलाटावर त्यांची मान साफ करून दिली. फुकुमासान चेहऱ्याचे ते हातपंखे घेऊन आले होते. छापून झाले होते, टाकायचे कसे. गाडी हलली तेव्हा खिडकीत कादोवाकींचा चेहरा आणि फलाटावर त्यांचेच चाळीस चेहरे. आतला तेवढा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात पळत होता.

मी काही दिलं नाही. नोव्हेंबरातल्या त्या सोमवारीही दिलं नव्हतं. ज्याने निवृत्त केलं त्यानेच वर भेट कशी द्यायची? आणि आता फार उशीर झाला होता.

मेमध्ये आकिताहून खोका आला. ज्याने निरोपाची भेट घेतली त्याने नव्या ठिकाणाहून प्रत्येकाला परतभेट पाठवायची असते. ती गावात घरोघर पोचली. धुरात वाळवलेला मुळा, तिकडचाच. माझ्याही नावाची पुडी होती. सोबत चिठ्ठी, अक्षर माणसासारखंच, ओळीवर न टिकणारं:

"चार सामने, चौदा गोल. दोन खांबाला लागून आत. कंबर धरली आहे, जिना चढवत नाही, रात्री आठला झोपतो. नोसाका, इतका दमलोय म्हणून सांगू! तुझी निरोपाची भेट अजून आलेली नाही. मी थांबणाऱ्यातला नाही, म्हणून परतभेट आधीच पाठवतोय. आता तू देणं लागतोस."

मी त्या रविवारी दुकानात गेलो. टॉवेल बघितला, साके बघितली, बुटकं झाडही हातात घेऊन बघितलं. काहीही घ्यावं तर ते निवृत्त माणसाला शोभेलसं दिसत होतं. हात हलवत परत आलो.

जून संपत आला. मुळा मी खाऊन टाकला, चांगला होता. भेट अजून पाठवलेली नाही.